गळते तेवढीच, की सगळ्याच?

मामांचं म्हणणं सरळ आहे. जी नळी गळते ती बदलावी, जी गळत नाही तिला हात लावू नये. ताई म्हणते, गळणारी नळी म्हणजे त्या सगळ्या जुडग्यातली आधी सापडलेली, एवढंच. दोघंही यंत्रांतली माणसं असल्यामुळे हा वाद लवकर मिटेल अशी आशा मी धरलीच नव्हती.

मामांची नोकरी भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांत हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त करण्यात गेली. ताई इंग्लंडात कॉव्हेंट्रीला असते आणि तिच्याकडे सिट्रोएनची जुनी बीएक्स आहे. 1982 ते 1994 या काळात तेवीस लाखांवर बनलेली ही कोनाकोनाची फ्रेंच गाडी आता तिथल्या रस्त्यांवरही क्वचित दिसते. उन्हाळ्यात मामा लेकीकडे जावं तसे भाचीकडे गेले, आणि गाडीखाली हिरवं तेल सांडलेलं बघून त्यांचा मुक्काम सार्थकी लागला. मीही तिथंच होतो. माझं काम टॉर्च धरायचं.

या गाडीला स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकापाशी एक सिलिंडर आणि त्याच्या तोंडाशी लोखंडी गोळा. गोळ्याच्या आत रबरी पडदा. पडद्याच्या एका अंगाला नायट्रोजन, दुसऱ्या अंगाला तेल. खड्डा आला की तेल गोळ्यात शिरतं आणि वायू दबतो. तेलाचा दाब इंजिनावर चालणारा पंप तयार करतो आणि रेग्युलेटर तो साधारण 145 ते 170 बारच्या दरम्यान राखतो. टायरमधली हवा दोन बारच्या आसपास असते, यावरून अंदाज यावा. डिकीत सामान भरलं आणि गाडी मागून बसली, की हाइट करेक्टर नावाची झडप आणखी तेल सोडून तिला पुन्हा जागेवर आणते. हे सगळं तेल ज्या नळ्यांतून फिरतं त्या बाहेरून मोजल्या तर साडेतीन-साडेचार मिलिमीटर जाडीच्या.

मामांना हे समजावून सांगावं लागलं नाही. गोळा बघताक्षणी ते म्हणाले, "हा तर अॅक्युम्युलेटर. प्रेसला असतोच." आणि तिथूनच ते वादाला तयार झाले.

मामा: आधी एक सांग. गळतंय कुठून, हे बघितलंस की थेंब पडतोय तिथंच नळी फुटली असं धरून चाललीस?

ताई: थेंब खालच्या वाकणावर आहे. पण तेल नळीच्या अंगानं ओघळत येतं. वर मागच्या सबफ्रेमच्या डोक्यावरून नळ्या जातात, तिथं चिखल साचलेला आहे. मूळ तिथं असणार.

मामा: हात घालून बघितलंस?

ताई: मामा, तुम्ही विचारताय हे?

मामा: विचारतोय, कारण शिकलेली माणसंच घालतात.

इथं दोघांचं एकमत होतं, आणि ते इतकं ठाम होतं की मीही टॉर्च जरा मागं घेतला. दाबाखालची नळी सुईच्या अग्राएवढ्या भोकातून फुटली, तर बाहेर येणारी धार डोळ्यांना नीट दिसतही नाही. ती बोटाला लागली तर कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण, फारसं दुखतही नाही. म्हणून माणूस फडक्यानं हात पुसून कामाला लागतो. काही तासांत बोट सुजतं आणि आतलं तेल काढायला शस्त्रक्रिया लागते. उशीर झाला तर बोट जातं. मामांच्या कारखान्यात यासाठी पुठ्ठा वापरायचे: संशयाच्या जागेसमोर पुठ्ठा धरायचा, त्यावर ओला ठिपका उमटला की भोक सापडलं. ताईनंही पुठ्ठाच काढून ठेवला होता. चिखल खरवडला, नळ्या पुसल्या, इंजिन चालू केलं, आणि सबफ्रेमच्या वर, क्लिपेच्या अगदी कडेला, पुठ्ठ्यावर हिरवा ठिपका आला.

मामा: सापडलं. आता चार बोटं इकडून काप, चार बोटं तिकडून काप, मध्ये नवा तुकडा, दोन्हीकडं फेरूल घालून युनियन. संध्याकाळच्या आत गाडी रस्त्यावर.

ताई: फेरूल नको.

मामा: का नको? आमच्या प्रेसच्या नळ्या फेरूलवरच असतात. तीनशे बारला वर्षानुवर्षं थेंब नाही.

ताई: तुमच्या नळ्या जाड, गुळगुळीत आणि जागेवर घट्ट बसवलेल्या. फेरूल नळीच्या अंगात दात रोवून धरतं. या नळीचं अंग बघा, नखानं खरवडलं तर पापुद्रे येतायत. दात रोवायचे कशात, गंजात? आणि इथं खाली रस्ता आहे, प्रेससारखा पाया नाही.

मामा गप्प राहिले, पण पटलं म्हणून नव्हे. त्यांनी नळीला हात लावून बघितला (इंजिन बंद झालं होतं), आणि मग जरा अनिच्छेनं मान हलवली. फेरूलचा मुद्दा त्यांनी सोडला. जोडाचा नाही.

मामा: बरं, फेरूल नको. मग या गाडीची जी काही पद्धत असेल तसा जोड कर. पण जोडच कर. अख्खी नळी काढायची म्हणजे पुढचा नट सोडवायचा, मागचा नट सोडवायचा. ते नट तीस वर्षं हललेले नाहीत. एक नट गोल झाला की दुसरं दुखणं सुरू. चांगल्या जागी गंजून बसलेला जोड हा चांगला जोड असतो, त्याला छेडू नये.

ताई: म्हणजे हिचं भोक बुजवायचं आणि शेजारणीचं वाट बघायची.

मामा: शेजारीण गळतेय का?

ताई: आज नाही.

मामा: मग आज तिचं नाव काढू नको.

मामांचा हा युक्तिवाद जुन्या यंत्रांवर काम केलेला कुणीही हसण्यावारी नेणार नाही. दुरुस्तीच्या निम्म्या अडचणी दुरुस्तीतूनच जन्माला येतात, विशेषतः जिथं गंज आहे तिथं. शिवाय मामांच्या पिढीला सुटा भाग मागवला की आठवड्यात येतो याची सवयच नव्हती. जे आहे ते टिकवायचं, हा स्वभाव नव्हे, गरज होती. पण ताईच्या बाजूनं एक गोष्ट होती जी भोसरीत नसते. मीठ.

इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून खनिज मीठ टाकतात. चेशायरमधल्या विन्सफर्डला त्याची मोठी खाण आहे, 1844 पासूनची. तपकिरी रंगाचं, खडबडीत मीठ. चाकांनी ते उडतं आणि खारा चिखल होऊन गाडीच्या पोटाशी जाऊन बसतो. उघड्या जागेवरचा पावसात धुऊन जातो. सबफ्रेमच्या डोक्यावरचा, क्लिपांच्या आतला मात्र तसाच राहतो आणि बाहेर ऊन पडलं तरी ओलाच असतो. मुंबईत समुद्राकाठच्या गाड्यांचे पत्रे खातात ते हवेतलं मीठ. इथं तर रस्त्यावर फावड्यानं टाकतात.

ताई: या तीन नळ्या एकाच क्लिपेतून जातात. तिघींनी एकच मीठ तितकीच वर्षं खाल्लंय. एकीला भोक पडलं, ते नशीब म्हणून नाही.

मामा: आतून गंज किती आहे ते कळल्याशिवाय तू हे कसं म्हणतेस?

ताई: आतून नाहीच. तेच तर.

हा मुद्दा मला ठाऊक नव्हता आणि मामांनाही नसावा. सिट्रोएननं ही रचना पहिल्यांदा 1954 मध्ये एका जुन्या मॉडेलच्या फक्त मागच्या चाकांना दिली आणि 1955 च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात डीएस गाडीबरोबर ती चारही चाकांना आली. सुरुवातीच्या त्या गाड्यांतलं तेल हवेतलं पाणी शोषून घेई, त्यामुळे नळ्या आणि झडपा आतूनही गंजत. युरोपात 1967 च्या मॉडेलपासून हिरवं खनिज तेल आलं, एलएचएम म्हणतात ते, आणि आतला गंज थांबला. तेव्हा हिरव्या तेलाच्या गाडीची नळी खाल्ली जाते ती बाहेरून. डोळ्यांना दिसते तेवढीच तिची अवस्था. ताईनं शेजारच्या दोन नळ्या तारेच्या ब्रशनं घासल्या आणि मामांना चष्मा लावायला सांगितलं. एकीवर खड्डे होते. दुसरी बरी होती.

या रचनेमागचा माणूस पॉल माझेस. अभियांत्रिकीची पदवी नसलेला, कोवळ्या वयात कंपनीत चिकटलेला. हे ऐकल्यावर मामा एकदम खुलले. पुढं 1965 च्या सिल्व्हर शॅडोसाठी रोल्स रॉइसनंही सिट्रोएनच्या परवान्यानं हे तंत्र घेतलं, हे सांगितल्यावर म्हणाले, "मग त्यांच्याही गळत असतील. तिथं मालक खाली वाकून बघत नसेल, एवढंच."

असो. खरी कलाटणी ब्रेकवरून मिळाली.

मामा: हा सस्पेन्शनचा पाइप आहे ना? फार तर काय होईल, गाडी मागून बसेल. हळूहळू घरी येता येईल. ब्रेकचा पाइप असता तर मी पण म्हटलं असतं, सगळं बदल.

ताई: मागच्या ब्रेकांचं तेल कुठून येतं माहितेय? मागच्या सस्पेन्शनमधून.

मामा: म्हणजे?

ताई: मागं जितकं वजन, तितका तिथल्या तेलाचा दाब. तोच दाब नळीनं पुढं पेडलखालच्या झडपेपर्यंत नेलाय आणि तिथून परत मागच्या ब्रेकांकडं. डिकी भरलेली असेल तर मागचे ब्रेक जास्त लागतात, रिकामी असेल तर कमी. वेगळी झडप लागतच नाही.

मामा: डोकं आहे.

ताई: आहे. पण मागची नळी फुटली की मागचे ब्रेक गेले. पुढच्यांना वेगळं तेल राखून ठेवलेलं असतं, प्रायॉरिटीची झडप आहे. टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत.

मामा: मग याला सस्पेन्शनचा पाइप म्हणताच कशाला?

त्यानंतर मामांनी "गळते तेवढीच" हा शब्द जरा जपून वापरला. दोन नळ्या बदलायच्या, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी लांबी मोजायला दोरा घेऊन तेच गाडीखाली होते. सुतळी नळीवर वाकणावाकणानं ठेवत न्यायची, मग सरळ करून मोजायची. टेपनं वाकणं मोजता येत नाहीत.

गाडीखाली जाण्याआधी जे करायचं त्यावर वाद नव्हता. मामांनी उलट ताईला दोनदा विचारून घेतलं. ही गाडी तेलावर उभी असते. नट सोडला आणि तेल गेलं, की ती खाली येते, आणि खाली कोण आहे हे ती बघत नाही. म्हणून बॉडीखाली चार घोड्या, जॅकवर विश्वास नाही. मग उंचीचा दांडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणि रेग्युलेटरवरचा दाब सोडायचा स्क्रू दीडेक फेरा सैल. तेल टाकीत परतताना सुस्कारल्यासारखा आवाज येतो. तो थांबेपर्यंत कशालाच पाना लावायचा नाही.

पुढचं भांडण धातूवरून.

मामा: मूळ नळी लोखंडी होती, नवी पण लोखंडीच घाल. बनवणाऱ्यानं विचार केला असेल.

ताई: विचार केला होता, दहा वर्षांचा. क्युप्रोनिकल घालणार.

मामा: ते जहाजावर घालतात.

ताई: खाऱ्या पाण्यासाठी. मग?

मामा: (थांबून) आपला जुना रुपया त्याचाच असायचा.

तांबं नव्वद टक्के, निकेल दहा, किंचित लोखंड आणि मँगनीज. मीठ त्याचं फारसं काही करू शकत नाही. व्होल्व्होनं तर सत्तरच्या दशकातच ब्रेकच्या नळ्यांसाठी हा धातू घेतला होता. हातानं वाकतो, हे गाडीखाली उताणं पडून काम करणाऱ्याला मोठंच सुख. मामांचा आक्षेप मात्र अगदीच पोकळ नव्हता. लोखंडापेक्षा हा धातू मऊ. लांब पट्टा मोकळा सोडला तर थरथरतो, शेजारच्या पत्र्याला घासतो. म्हणून क्लिपा मूळच्या जागीच नव्हे, जिथं शंका येईल तिथं जास्तीच्याही हव्यात. ताईनं ते मान्य केलं. शुद्ध तांब्याची नळी मात्र दोघांनाही नको होती. थरथरून ती कडक होते आणि मग तडकते.

आणि आता ते नट. मामांची मूळ भीती तीच होती, आणि तिचं उत्तर निघालं ते मला सगळ्यात आवडलं, कारण ते त्यांच्याच भीतीतून निघालं.

मामा: नट गोल झाला तर काय करशील?

ताई: गोल का होतो? फिक्स पाना लावावा लागतो म्हणून. नळी मध्ये असते, रिंग पाना वरून घालता येत नाही. फिक्स पाना दोनच कडा धरतो आणि घसरतो.

मामा: तेच म्हणतोय.

ताई: पण मला नळी वाचवायचीच नाहीये. नटाच्या मागं ती कापून टाकायची. मग सहा कडांचं सॉकेट सरळ नटावर बसतं. तुकडा जोडणार असते तर नळी जपावी लागली असती आणि नट फिक्स पान्यानंच सोडवावा लागला असता.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेव." ही त्यांची संमती.

मला विचाराल तर इथं ताई जिंकली. अख्खी नळी काढणं हे अर्धी काढण्यापेक्षा जास्त धोक्याचं, असं आपण धरून चालतो. खाली पडून बघितलं तर उलट निघतं. पण करेक्टरपाशी मामांचंच बरोबर होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. तिसरी नळी, जी बरी निघाली होती, तिचा नट थेट हाइट करेक्टरच्या अंगात होता. तो आत तुटला असता तर करेक्टर बाहेर काढावा लागला असता. मामा म्हणाले, तिला सोड. ताई म्हणाली, आता उघडलंच आहे तर. बरीच घासाघीस झाली. शेवटी ती नळी मूळ जागीच राहिली, घासून, वर मेणाचा थर देऊन. ताईला हे अजून पटलेलं नाही.

नळीच्या टोकांवर मात्र मामांना नवं शिकावं लागलं. साध्या ब्रेकच्या नळीचं टोक भोंग्यासारखं फुलवतात आणि धातूवर धातू दाबून गळती थांबते. इथं तसं नाही. टोकापासून जरा मागं नळीला एक कडं उठवलेलं असतं. कड्याच्या पुढं रबराची छोटी बाही चढवायची. नळीचं टोक त्या बाहीतून पुढं निघून समोरच्या भोकात शिरतं. नट कड्याला ढकलतो, रबर दबतं, आणि आतलं तेलच त्या रबराला भिंतीशी घट्ट करतं. बाजारात मिळणारं ब्रेकच्या नळीचं फुलवण्याचं हत्यार इथं चालत नाही. या आकाराचं वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर टोकं तयार करून विकणाऱ्यांकडून घ्यावीत. ताईनं टोकं तयारच आणली होती. मधला जोड हवाच असेल तर कंपनीच्याच पद्धतीचा, दोन्हीकडं बाह्या असलेला, मिळतो. कारखान्यातून निघालेल्या गाड्यांत तसे जोड असतातच. मामांनी ते हातात घेऊन म्हटलं, "मग मी काय वेगळं सांगत होतो?"

मामा: आवळ की जरा.

ताई: एवढंच.

मामा: हे तर बोटानं फिरवल्यासारखं झालं.

ताई: दाब नट धरत नाही, रबर धरतं. जास्त आवळलं तर कडं चपटतं आणि रबर कापलं जातं. मग गळतं, आणि माणूस अजून आवळतो.

मामांच्या हाताला हे सोसवत नव्हतं. चाळीस वर्षं ज्यानं जोड आवळले त्याला नट हलका सोडायला सांगणं कठीणच. पहिले आटे पान्यानं नव्हे, बोटांनी बसवायचे, नळी अगदी सरळ धरून, रबराला ताजं एलएचएम लावून. जुनी बाही परत घालायची नाही. हे सगळं ताईनं म्हणून दाखवलं आणि मामांनी पाळलं, पण दर नटाला तोंड वाकडं करून. एकदा टाकीत तेल घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी सवयीनं "ब्रेक ऑइल आण" म्हटलं आणि ताई जवळजवळ ओरडली. ब्रेकचं साधं तेल या गाडीत गेलं तर आतली सगळी रबरं फुगून निकामी होतात. डब्यावर बोट ठेवून तिनं हिरवा रंग दाखवला.

मग दाबाचा स्क्रू बंद, इंजिन चालू, दांडा वर-खाली. सस्पेन्शनमधली हवा काढावी लागत नाही. गाडी दोन-चारदा उठवली-बसवली की ती टाकीकडं परतते. मागच्या ब्रेकांची हवा मात्र काढायलाच हवी. मामा पुठ्ठा घेऊन प्रत्येक जोडासमोरून फिरले. पुठ्ठा कोरडा राहिला. मग ते तिसऱ्या नळीसमोर जास्त वेळ थांबले, करेक्टरच्या नटापाशी, जिच्यासाठी भांडले होते ती.

ताई: काय, ओलं आहे?

मामा: नाही. पण पुढच्या वर्षीच्या एमओटीला, म्हणजे त्या तुमच्या वार्षिक तपासणीला, ही नळी दाखवून घे. तपासणाऱ्यानं नापास केली तरच बदल.

ताई: आणि तोवर?

मामा: तोवर टाकीतल्या तेलाच्या खुणेचा फोटो दर रविवारी पाठव. आणि काढलेल्या नळ्या फेकू नको, पुढच्या वेळी वाकणं त्यांच्यावरून घेता येतील.